सोमवारचा क्लच

गाडीत एक काठी होती, पाण्याची एक बाटली, चिकूची एक पिशवी, एक उशी आणि दोन माणसं. गाडीखाली तेलाचा एकही थेंब नव्हता. क्लचच्या तेलाची डबी वरच्या रेषेपर्यंत भरलेली होती. इंजिन बंद असताना पाचही गिअर पडत होते. चालू केलं की एकही पडत नव्हता, नुसती करकर.

"क्लच सुटत नाहीये," रोशन म्हणाला. डहाणू रोडला त्याचं गॅरेज होतं. "पण काकू, मी बसलो की सुटतो. आता चक्कर मारून आलो ना, लोण्यासारखे गिअर पडले."

"म्हणजे मलाच चालवता येत नाही," सुधा म्हणाली. तिचं लायसन्स जानेवारी २०१७ चं होतं. अजून तीन महिनेही झाले नव्हते.

"तसं नाही हो. आतली प्लेट चिकटत असेल मधूनमधून. गिअरबॉक्स उतरवून बघतो. आठवडाभर गाडी इथे राहू द्या."

डाव्या सीटवर तिचा नवरा वासुदेव ऐकत होता. दिवाळीत त्याची डावी बाजू गेली होती. आठवडा म्हणजे तलासरीच्या फिजिओथेरपीच्या तीन खेपा. कोसबाडहून एकदा त्याला रिक्षाने नेलं होतं, तर पुढचे दोन दिवस तो उभा राहू शकला नव्हता. आणि कालच, शुक्रवारी, त्याच्या डाव्या पायाचा अंगठा पहिल्यांदा त्याचं ऐकून हलला होता. आता एकही दिवस चुकवू नका, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. पिशवीतले चिकू सोमवारी त्यांनाच द्यायचे होते.

वासुदेवने रेल्वेत तीस वर्षं सिग्नल सांभाळले होते. तिथे कुठलीही पेटी उघडण्याआधी एक गोष्ट विचारायची पद्धत होती. त्याने ती आता विचारली. जीभ अजून जड होती, म्हणून एकेक शब्द लावत.

"कधी बिघडत नाही?"

"काय?" रोशनने विचारलं.

"बिघडतो कधी, ते सगळे सांगतात. नीट कधी चालतो?"

सुधाने आठवून बघितलं. "सोमवारी बरा असतो. बुधवारी थोडी कुरकुर. शुक्रवारी तर विचारूच नका."

"काकू, क्लचचा शुक्रवारी उपास असतो काय?" रोशन हसला.

वासुदेव हसला नाही. "रविवारी गाडीला काय करतेस?"

"काही नाही. उभीच असते. काच पुसते, मॅट झटकते, उशी उन्हात टाकते."

वासुदेवने मान वळवली. सुधाच्या पाठीमागे सावरीच्या कापसाची उशी होती. ऊन लागलं की ती टम्म फुगायची. चार दिवस कोणी टेकून बसलं की तिचा पापड व्हायचा. आज शनिवार होता.

"रोशन, स्टीलची पट्टी आण. आधी तू बस."

रोशनने उशी मागच्या सीटवर टाकली, बसला आणि क्लच दाबला. पेडल तळाला टेकलं. पेडलखाली पट्टी शिरलीच नाही. मग उशी पाठीशी घेऊन सुधा बसली. रोशनने दारातून वाकून पट्टी लावली.

"चार सेंटिमीटर राहिले."

"उशी काढ. झटक. फुगवून परत लाव."

सुधाने तसं केलं आणि पुन्हा पेडल दाबलं.

"दोन," रोशन म्हणाला. तो पट्टीकडे बघत राहिला.

"क्लच चांगला आहे," वासुदेव म्हणाला. "पाय पुरत नाही."

"मग सीट पुढे घ्यायची ना, काकू. एवढी मागे कशाला? ही तर काकांच्या..." रोशन मध्येच थांबला. फडक्याला हात पुसत तो पुढे गेला आणि आधीच बंद असलेलं बॉनेट दाबून बघू लागला.

वासुदेव सुधाकडे वळला.

"सीट सरकवता येत नाही तुला?"

"येते."

"मग?"

सुधाने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. स्टिअरिंगवर धूळ नव्हती.

"दिवाळीत तुम्ही उतरलात, तेव्हापासून ती तिथेच आहे," ती म्हणाली. "सरकवली असती तर तुम्हाला वाटलं असतं, तुम्ही आता इथे बसणार नाही असं मी धरूनच चालले."

बाहेर रोशनने पाना उचलला आणि परत ठेवला.

"चार सेंटिमीटर कमी पडत होते," वासुदेव म्हणाला, "आणि तू मला हायवेवरून नेत होतीस?"

"हळू नेत होते."

"ते बघितलं मी. तलासरीच्या अलीकडे बैलगाडी पुढे गेली आपल्या."

सुधाला हसू आलं. तिने ते ओठांतच ठेवलं. वासुदेवने उजवा हात लांब करून तिच्या पाठीमागची उशी काढली आणि आपल्या मांडीवर घेतली.

"सीटच्या खाली दांडी आहे. ती ओढ. एकेका खाचेवर थांबत पुढे ये. खाचा मोज."

"मोजायच्या कशाला?"

"मी बसेन तेव्हा तेवढ्याच मागे घ्यायला लागतील."

सुधाने दांडी ओढली. सीट जराशी पुढे आली आणि खट करून अडकली. तिने पुन्हा ओढली. गुडघा स्टिअरिंगजवळ आला तेव्हा ती थांबली. तिने चावी फिरवली आणि क्लच दाबला. पहिला गिअर पडला. मग रिव्हर्स. करकर झाली नाही. रोशन पट्टी घेऊन आला, वाकला आणि पट्टी तशीच घेऊन सरळ झाला.

"किती झाल्या?" वासुदेवने विचारलं.

"पाच."