जड उचलायचं नाही

बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत जाळी बसली आणि डॉक्टरांनी बजावलं, "दोन महिने जड काही उचलायचं नाही. भरलेली बादलीसुद्धा नाही."

"आणि आई?" त्याने विचारलं. कमरेखाली लुळ्या पडलेल्या आईला रोज पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत तोच बसवायचा.

"आई तर मुळीच नाही."

मग दोघंही समोरासमोर आडवे. खिडकीजवळच्या खुर्चीवर धुतलेल्या चादरी साठत गेल्या. खोकला आला की तो पोटाशी उशी दाबून धरायचा आणि आई तिकडून "हळू रे, हळू" करायची. शेजारच्या काकू आईचं सगळं अंथरुणातच उरकायच्या, जेवण वाढून जायच्या. आई दोन घास खायची आणि ताट सरकवायची. "पडून पडून भूकच मेलीय बघ." तो रागावला, हातापाया पडला, शेवटी बोलणं टाकलं. आई ढिम्म.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पोट तपासून परवानगी दिली. घरी येऊन त्याने खुर्ची रिकामी केली, आईच्या पाठीखाली हात घातले आणि श्वास रोखून जोर लावला. जोराची गरजच नव्हती. पोटाशी धरायच्या त्या उशीसारखी ती अलगद वर आली.

त्याला तिला खाली ठेवताच येईना.

आईने त्याच्या पोटावर हात ठेवला. "दुखलं का रे? अजून थोडी कमी होईन मी."