तेराशे कार्डं

"झिम्पे," अण्णा म्हणाले. सकाळपासून सातव्यांदा.

अनसूयाबाईंनी चमच्यातली पेज परत वाटीत ओतली. "बघ, पुन्हा तेच. साताऱ्याचे डॉक्टर म्हणतात, पक्षाघाताच्या झटक्यात वाचा गेली, आता हे नुसतं बरळणं. सवय करून घ्या म्हणे."

अवधूत पहाटेच्या एसटीने सांगलीहून वाईला आला होता. वडिलांच्या उशाशी बसून तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, हे बरळणं नाही. ही त्यांची लोझबान आहे."

नाव काढताच बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. एका वाक्याचे दोन अर्थ निघू नयेत म्हणून तिकडे अमेरिकेत मुद्दाम रचलेली ही भाषा. शब्दांच्या याद्या टपालाने यायच्या. अख्ख्या वाईत ती येणारा माणूस एकच, आणि तो नेमका बाईंच्या पदरात पडलेला. गणिताची मास्तरकी संपल्यापासून सहा वर्षं अण्णांना दुसरं काही सुचलं नव्हतं. अवधूतलाही त्यांनी शिकायला बसवलं होतं. तो दोन रविवार बसला, नियम तेवढे शिकला आणि "पण बोलायचं कुणाशी, अण्णा?" म्हणून हसत उठला.

"दोन अक्षरं, त्यात एक जोडाक्षर, शेवटी स्वर, जोर पहिल्यावर," तो आता म्हणाला. "मूळ शब्द अस्साच असतो. बरळणारा माणूस इतका नियमाने बरळेल का?"

बाई पुढे सरकल्या. हळूच म्हणाल्या, "माझं नाव घेतायत का रे?"

अवधूतला खोटं बोलता आलं असतं. त्याला सुचलं नाही.

"नाव असतं तर शेवटी व्यंजन आलं असतं. नावांचा तसा नियम आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग काय म्हणतायत?"

"मला नियमच येतात गं, अर्थ नाही येत. पण अण्णांनी लिहिलेली कार्डं आहेत की! एका शब्दाला एक कार्ड, खाली मराठीत अर्थ." त्याने फळीवरचं, कार्डं असायची ते बुटांचं खोकं ओढलं. आत औषधाच्या बाटल्या, कापूस, थर्मामीटर. दुसऱ्या खोक्यात धुतलेली फडकी.

"कार्डं कुठायत?"

बाईंनी मागल्या दाराकडे पाहिलं. न्हाणीपाशी बंब धुमसत होता.

"लाकडं ओली होती. ह्यांना रोज अंग पुसायला कढत पाणी लागतं. जाड कागद, चटकन पेटायचा. मला वाटलं, आता हे बोलतच नाहीत, तर त्यांचा काय उपयोग?"

"सगळी?"

"आज सकाळी संपली."

अवधूत बंबापाशी जाऊन आला. हात राखेने माखले होते. "तेराशे होती, आई."

"मी मोजली नाहीत."

"झिम्पे," अण्णा म्हणाले.

बाई खाटेवर त्यांच्याजवळ बसल्या. सहा वर्षं ज्या भाषेला त्यांनी नावं ठेवली तिच्यातला शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. "झिम्पे."

अण्णांचे डोळे लकाकले. त्यांनी डाव्या हाताने बाईंचं मनगट घट्ट धरलं आणि घाईघाईने बोलू लागले. एक शब्द, दुसरा, तिसरा, सगळे नवे. इतकं ते तीन आठवड्यांत बोलले नव्हते. बाई जोरजोरात मान हलवत होत्या. "झिम्पे, झिम्पे."

अण्णा थांबले. आपल्या प्रत्येक शब्दाला बाईंच्या तोंडून तोच एक शब्द येतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"माझं काही चुकलं का रे?"

"नाही," अवधूत म्हणाला. "बरोबर म्हणालीस."

बाईंनी वाट पाहिली. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दोरीवरचा पंचा ओढला.

"बादली आण. पाणी निवायच्या आत अंग पुसून घेऊ. उद्या कशावर तापवायचं, देव जाणे."