उरलेला दाणा

१९५८चा जानेवारी, बेंगळुरात अवरेकायचा, म्हणजे पावट्याच्या शेंगांचा, हंगाम. चिकपेटातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी शेंगा सोलत होते आणि एस.एस.एल.सी.ला, म्हणजे मॅट्रिकला, बसणारी धाकटी बहीण दाण्यांनी रासायनिक समीकरणं जुळवत होती. तुरीचे दोन दाणे म्हणजे हायड्रोजन, अवरेचे दोन म्हणजे ऑक्सिजन. पाणी करायला तुरीचे दोन्ही लागले, अवरेचा एक उरला. “टाक भांड्यात,” मी म्हणाले. “टाकता येत नाही, अक्का. त्याच पाण्यात कोंबला तर ते पाणी राहत नाही. त्याच्यासाठी तुरीचे आणखी दोन आणायचे.” ओसरीवरून अण्णांनी, आमच्या वडिलांनी, हाक मारली, “सोयरा, सामान बांधलंस? मामा न्यायला आलेत.” नवरा वारल्यापासून मला असंच या घरातून त्या घरात फिरवत होते. उरलेल्या दाण्याशेजारी मी तुरीचे दोन ठेवले. “मी जाणार नाही, अण्णा.” मग बहिणीला म्हणाले, “पुढचं समीकरण मांड. पुढल्या वर्षी मीही परीक्षेला बसणार.”