कोठीतला डबा

देवाच्यान सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर उद्यापासून माझ्या भाकरीला मीठ लागू नये.

सुंदरबाईचं बोट तुपाच्या डब्यात होतं आणि ओट्यावरून सासू हाक मारत होती.

"सुंदर! कोठे शे व?"

"ज्वारी काढस, अक्का!"

नेमाचा नववा दिवस होता. चाळीस दिवस दूध, दही, तूप बंद. गहू बंद.

हा नेम घरात आणला सासूनं, बेबाबाईनं. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती धुळ्याच्या निसर्गोपचार शिबिरात पंधरा दिवस राहिली. जाताना गुडघे धरून गेली, येताना शिरपूरच्या स्टँडवरून घरापर्यंत पायी आली. मग काय विचारता! शेंगदाणे वाटून त्यांचं दूध, त्या दुधाचा चहा. नागलीचे लाडू. ज्वारीची बट्टी, ती वरणात टाकली की भुगा. "अंगमधलं जड निंघनं का मनमधलं बी निंघस," असं ती सांगायची. देवाच्या दिव्यालासुद्धा तूप नाही. देवघरात वनस्पती तुपाचा पिवळा डबा आला. ते तेलाचं, त्यात दुधाचा थेंब नाही, म्हणून नेमाला चालायचं. पहिला डबा आठव्या दिवशीच संपला.

"इतल्यात?" शेजारच्या मंदाबाईनं विचारलं.

"दिवाले भलतं लागस, माय," बेबाबाई म्हणाली.

गल्लीतल्या पंधरावीस बायका नेमात होत्या. दर गुरुवारी ओट्यावर जमायच्या, एकमेकींना पदार्थ शिकवायच्या. नियम एकच. जिचा नेम मोडला, तिनं उठून सगळ्यांदेखत सांगायचं.

सुंदरबाईनं नेम घेतला अर्धशिशीसाठी आणि रागासाठी. डोकं ठणकलं की ती लेकीवर हात टाकायची, मग मोरीत जाऊन रडायची. आठ दिवसांत डोकंही थांबलं, हातही थांबला. शिवाय तिच्या हाताची ज्वारीची बट्टी वरणात फुटत नसे. शिबिराच्या सुनंदाबाई एकदा घरी आल्या, ती बट्टी खाल्ली, म्हणाल्या, "चाळीस दिवस पूर्ण कर. शिबिरात स्वयंपाक शिकवायला तुलाच नेते."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिच्या हाताच्या गुणासाठी तिला कुणी बोलावलं, ही पहिली खेप.

आणि तिचं बोट डब्यात होतं.

तूप साक्रीचं, आईनं पाठवलेलं, घरच्या गाईचं. कुणाला द्यायला जीव झाला नाही, म्हणून तिनं डबा ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला होता. ठेवला तेव्हा वरून दोन बोटं रिकामा होता. आज झाकण काढलं तर काठोकाठ दिसला. हाव सुटली की डोळ्यांना जास्तच दिसतं, असं तिला वाटलं. तिनं बोट चाटलं. टाळूला चिकटलं. आईच्या तुपाचा वास काही आला नाही.

चोरून खाल्लं की चव जाते, ती मनात म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत एक बोट. मग रोज.

गुरुवारी बायका तिच्याकडे बघत राहायच्या. "काय तेज उनं व तोंडवर! बेबाअक्का, तुम्हनी सून तं उजळी गयी." सुंदरबाई खाली बघून शेंगा फोडायची.

चाळिसावा दिवस गुरुवारीच आला. सुनंदाबाई धुळ्याहून एसटीनं आल्या. बायकांनी नारळ आणला. सुंदरबाईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. दोन पातळं, एक झारा.

बायका नारळ हातात द्यायला गेल्या, आणि तिनं हात मागे घेतले.

"मन्हा नेम मोडना," ती म्हणाली. "तूप खादं. रोज. चोरीसन."

कमलबाई पदराआड फिसकन् हसली. "आन् आम्ही तेज समजनूत! तूप व्हतं ते, तूप!"

सुनंदाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "सांगितलंस, बरं केलंस. पण शिकवणारीचाच नेम मोडलेला कसा चालेल, बाई?" नारळ मंदाबाईच्या ओटीत गेला. चारच्या गाडीनं मंदाबाई धुळ्याला गेली.

बेबाबाईनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता. शेवटपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"सासूले कितली लाज वाटनी, देखा," जाताना बायका बोलल्या.

सुंदरबाईनं पिशवी रिकामी केली. झारा खुंटीला अडकवला. त्या दिवशी भाकरी बेबाबाईनं थापल्या, सुनेला आधी वाढलं, एका शब्दानं बोलली नाही. एवढी मोठ्या मनाची सासू, आणि आपण तिला गल्लीत खाली बघायला लावलं! सुंदरबाईनं ताट बाजूला सारलं. तिनं वाकून पाय धरले. बेबाबाईनं पाय ओढून घेतले.

अर्धशिशी पुन्हा आली नाही. लेकीवर हातही पडला नाही. पण शिकव म्हणून कुणी म्हटलं की सुंदरबाई अजून उठून आत जाते.

तर हे बठ्ठं खरं शे. एकच गोष्ट मी मनची घातली, सासूचं नाव. बेबाबाई नावाचं आमच्या घरात कधी कुणी नव्हतं. साक्रीच्या तुपाचा शेवटचा थेंब नेमाच्या आठव्या दिवशी चाटूनपुसून खाल्ला, आणि तो डबा देवाच्या वनस्पतीनं काठोकाठ भरून परत ज्वारीत पुरला, ती सासू मी.