वीस ठिपके

नट पुरता आवळला गेला आणि संतोषच्या हातातील पाना ‘कट्’ असा वाजला. त्याने तर्जनी तांबड्या रंगाच्या डबीत बुडवली आणि त्या नटावर एक ठिपका दिला. ठिपक्याचा नट म्हणजे पान्याने पक्का आवळलेला. बिनठिपक्याचा म्हणजे केवळ हाताने फिरवून ठेवलेला. बारा वर्षे त्याचा हाच नेम होता. एका चाकास पाच नट, चार चाकांस वीस ठिपके.

दिंडोरीच्या त्या द्राक्षमळ्यावर प्रभातकाळचे धुके उतरले होते. शेडमध्ये चंदेरी मोटार उभी होती. दोनच आसनांची, बुटकी, नवी कोरी. त्या साली मळ्याचे मालक पुंजाराम तात्या यांची द्राक्षे परदेशी गेली होती आणि त्या आनंदात त्यांनी ती आपल्या मुलास, राजला, घेऊन दिली होती. आज ती प्रथमच शर्यतीच्या ट्रॅकवर धावणार होती. त्यासाठी संतोषने चारही चाके उतरवून ब्रेकचे नवे पॅड घातले होते. दिव्यांच्या काचा फुटल्यास विखुरू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी ओढली होती. जादा चाक बाहेर काढून ठेवले होते. आणि राजच्या शेजारचे आसन आज संतोषचे होते. तसे तात्यांनी स्वमुखाने कबूल केले होते.

सातवीनंतर संतोषने शाळा पाहिली नव्हती. त्याचे आयुष्य ट्रॅक्टरच्या खाली गेले होते. परंतु त्याच्या मनात एक रस्ता होता. तो रस्ता कोणत्याही गावास जात नसे. वळत वळत तो पुन्हा आपल्याचपाशी येई. पाना फिरवताना संतोष त्याच रस्त्यावर असे. दोन्ही बाजूंच्या वेली पाण्यासारख्या मागे वाहत, आणि चाकांखालची जमीन हळूहळू विरघळून जाई.

राजची आई गोजराबाई पूजेचे ताट घेऊन दारात उभी होती.

“बॉनेटवर एवढंसं स्वस्तिक काढू दे की रे.”

“आई, रंगाला हात नाय लावायचा. डाग पडंल.”

“ट्रॅक्टरला कधी डाग पडला नाय तो.”

“ट्रॅक्टर लालच हाय, आई. अन् नारळ पार गोठ्याकडं जाऊन फोड. शिंतोडे उडतील.”

राज हेल्मेट आणण्यास घरात गेला. इतक्यात मळ्यातून तात्यांची हाक आली. औषध फवारण्याचा ब्लोअर बंद पडला होता. संतोषने पाना जमिनीवर ठेवला आणि तो धुक्यात शिरला.

अर्ध्या तासाने तो परतला. कितवे चाक चालले होते, हे त्यास काही केल्या आठवेना. त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली. चारही चाकांवर ठिपके होते. म्हणजे काम पुरे झाले होते. त्याने डबीचे झाकण लावले.

राजने इंजिन सुरू केले. तात्या जवळ आले. “काय संतोष, झालं का समदं? तू हो म्हणशील तरच गाडी फाटकाभाईर.”

संतोषने दार उघडून एक पाय आत ठेवलाही होता. त्याच क्षणी त्याने मनातल्या मनात पान्याचे आवाज मोजले. पंधरा ऐकू आले. त्यापुढे केवळ वेली वाहत होत्या. बोलावे तर आसन जाणार. न बोलावे तर राजची मोटार सुसाट वेगाने पहिल्या वळणावर जाणार.

त्याने पाय मागे घेतला. “बंद कर, राज.”

मागच्या डाव्या चाकाला त्याने पाना लावला. नट फिरला, आणखी फिरला. बऱ्याच वेळाने ‘कट्’ वाजले. पाचही नट तसेच निघाले.

तात्या चाकापाशी वाकले.

“ठिपका हाय, अन् नट ढिला?”

“हो, तात्या.”

“मग ठिपका काय शोभेला देतो?”

त्यांनी शेजारी उभे राहून वीसच्या वीस नट पुन्हा तपासून घेतले. मग म्हणाले, “तिथं ट्रॅकवर क्लबचे मिस्त्री हायेत. तू ब्लोअर बघ. आजपासून ह्या गाडीला हात लावू नको.”

“तात्या, त्यानंच तर सांगितलं,” राज म्हणाला.

“सांगितलं नसतं तर?” तात्या म्हणाले, आणि त्या आसनावर स्वतःच बसले.

मोटार फाटकातून निघाली. धुक्याने तिला अलगद पोटात घेतले. संतोष शेडमध्ये उकिडवा बसून आपल्या तर्जनीकडे पाहत राहिला. हे बोट त्यास न विचारता खोटे बोलले होते. स्वप्न पाहणाऱ्याने चाकास हात लावू नये, असे त्याने मनाशी ठरवले.

गोजराबाई खोबऱ्याचा तुकडा घेऊन आली.

“मनाला लावून घेऊ नको रे. मला वाटलंच व्हतं, तुझं चित्त थाऱ्यावर नाय आज. मघाशी बी तीनच चाकांना कुंकू लावून गेलास. चौथं तसंच उघडं. राजनं रंगाला हात लावू नको म्हटलं, नटाला नाय. मग मीच तेलात कुंकू कालवलं अन् लावले पाच ठिपके. बघ, त्या कुंकवानंच माझं पोर वाचवलं.”

संतोषने मान वर केली. तिच्या बोटावरही तांबडे होते.

तात्यांना खरे ते सांगितले असते, तर आसन त्यास सायंकाळीच परत मिळाले असते. परंतु ही माउली पुन्हा कधी ताट घेऊन कोणत्याही गाडीसमोर निर्धास्त उभी राहिली नसती.

त्याने खोबरे घेतले व कपाळास लावले.

“हो, काकू,” तो म्हणाला. “त्यानंच वाचवलं.”