पोवळ्याचा दिवा

दत्तोपंतांनी टाकीवरचा बल्ब आणखी वीतभर वर बांधला आणि काचेला नाक लावलं. पाण्यातलं पोवळं मिटलेलंच होतं. मुठीएवढा दगड, आणि त्यावर सुकल्या अंजिरासारखा तांबूस, मऊ गोळा.

"उघडलं?" माईंनी खुर्चीतून विचारलं.

"उघडेल. उजेड जास्त होत होता." काल ते म्हणाले होते, उजेड कमी पडतोय.

दत्तोपंत कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांचा एकुलता एक मुलगा नृसिंह दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर मालवणला गेला होता. त्यानं बुडी मारून हा दगड वर काढला, होडीतल्या बादलीत ठेवला, "बाबांसाठी आणखी एक आणतो" म्हणाला आणि पुन्हा बुडी मारली. मित्र परतले ते बादली घेऊन. कोळ्यांनी जाळी टाकली, पोलिसांनी किनारा पालथा घातला, पण नृसिंह काही सापडला नाही.

तेव्हापासून त्याच्या आईचा, माईंचा, एकच हेका होता. हे पोवळं जगलं तर तो परत येणार. एरवी दत्तोपंत असल्या बोलण्याला हसले असते. आता तेच मासळीच्या ट्रकमधून समुद्राचं पाणी मागवत होते आणि कोळंबीचा रस पिळून टाकीत घालत होते. पोटचं पोर गेल्यावर शास्त्र फार वेळ सोबत करत नाही.

पोवळी उजेडावर जगतात, त्यांच्या अंगातलं बारीक शेवाळ ऊन खाऊन त्यांना पोसतं, असं ते वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले होते. म्हणून सगळा खटाटोप दिव्याचा. बल्बनं पाणी तापायला लागलं, म्हणून त्यांनी ट्यूब आणली. ट्यूब बसवायला आलेला कृष्णात वायरमन टाकीकडे बघतच राहिला.

"सर, ह्यो दगुड हाय का जनावर?"

"जनावर आहे."

"मग त्येलाच इचारा की, कसला उजेड पायजे त्यो!"

पांढऱ्या उजेडात गोळा आणखी आकसला. दत्तोपंतांनी नाटकवाल्यांकडून निळा जिलेटिनचा कागद आणून ट्यूबला गुंडाळला. खोली निळी झाली, माईंचा चेहरा निळा झाला, पोवळं तसंच राहिलं. ट्यूब डावीकडे लावली की ते उजवीकडे कलायचं. उजवीकडे लावली की डावीकडे. दिवा कुठंही न्या, ते पाठ फिरवायचं.

"रुसलाय," माई म्हणायच्या. ते ऐकून दत्तोपंतांच्या अंगावर काटा यायचा.

आणि दिवा बंद करायची तर सोयच नव्हती. "त्याला लहानपणापासून अंधाराची भीती वाटते, ठाऊक आहे ना तुम्हाला?" माई विचारायच्या. दिवसरात्र ट्यूब जळत राही आणि गोळा दिवसेंदिवस बारीक होत चालला.

थोरले बंधू आण्णा येऊन बसले की विषय काढत. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करावा, त्याला अग्नी द्यावा, नाहीतर जीव अडकून राहतो. दत्तोपंतांनाही आता ते करून टाकायचं होतं. त्यांना पोरासाठी एकदा मोकळेपणानं रडायचं होतं. पण माई पदर खोचून उभ्या राहायच्या. "जिवंत पोराला अग्नी देऊ? पोवळं आहे अजून!" मग आण्णा चहा न घेताच उठायचे.

एका संध्याकाळी ट्यूबचा चोक जळाला. जळका वास आला आणि खोलीत अंधार झाला. माई किंचाळल्या. दत्तोपंत तसेच चपला अडकवून नवा चोक आणायला धावले. आज हे पोवळं मरणार आणि त्याच्यामागोमाग ही वेडी होणार, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ते परतले तेव्हा घरात आवाज नव्हता. त्यांनी दारातूनच बॅटरी लावली.

"विझवा ती," माई म्हणाल्या. आवाज शांत होता.

त्यांनी बॅटरी विझवली. रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप खिडकीतून येत होती, तेवढ्या उजेडात हळूहळू दिसायला लागलं. माई टाकीशी उभ्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. आणि पोवळं उघडलं होतं. आकसलेला गोळा ओंजळीएवढा फुलला होता. त्याच्या अंगभर इवली इवली पांढुरकी बोटं बाहेर आली होती आणि ती सगळी माईंच्या हाताकडे वळली होती.

दत्तोपंत टाकीसमोर उकिडवे बसले. उजेडाशिवाय जगणारीही पोवळी असतात; ज्या कपारीत ऊन कधी पोचतच नाही, तिथलं होतं हे पोवळं. नृसिंह इतका खोल गेला होता. आणि ते मात्र इतके दिवस त्यावर उजेड ओतून त्याला मारत होते.

"हे जिथून आलं, तिथंच तो गेला ना हो?" माईंनी विचारलं.

"हो."

"असाच काळोख असेल तिथं."

दत्तोपंतांनी अंधारातच मान हलवली.

"आता भीत नाही तो," माई म्हणाल्या. "उद्या आण्णांना बोलवा. पळसाची पानं आणायला सांगा."

दत्तोपंतांना हुंदका फुटला. इतक्या दिवसांचं सगळं त्यातून बाहेर आलं. डोळे पुसत ते उठले आणि त्यांनी माईंच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गार पडला होता.

"चल. हात काढ बाहेर, पाणी थंड आहे."

"थांबा जरा," माई म्हणाल्या. "आधी त्याला माझं बोट सोडू द्या."