सोळा तासांवरचा मुलगा

खोटं सांगत असेन तर माझी उरलेली एकुलती एक दाढ आत्ता पडो. शब्द न् शब्द खरा आहे. मी तिथेच होते, चारकोपला, सुगंधाच्या खोलीत, चहा पीत.

फोनवर तिचा सुयोग, सॅन फ्रान्सिस्कोहून, तोंड दिसेल असा. विषय गणपतीचा. गावच्या घरी पूजेला बसायचा मान तिघा भावांत फिरतो. यंदा सुगंधाच्या नवऱ्याचा, दशरथचा. पण दशरथचा गुडघा मार्चमध्ये बदललेला, डॉक्टरने मांडी घालायला सक्त मनाई केलेली. म्हणजे मुलाने बसायचं. नाहीतर धाकटा भाऊ मधुकर बसणार आणि दशरथने खुर्चीवरून बघत राहायचं.

सुयोग म्हणाला, जमणार नाही. रजेचं नाव काढलं नाही, तिकिटाचंही नाही. म्हणाला, फार लांब पडतं गं आई. साडेतेरा हजार किलोमीटर. सलग सोळा तास विमानात बसून कंबर धरते.

सुगंधाने हातातला लसूण खाली ठेवला. शांतपणे विचारलं, विमानात जेवायला देतात का. देतात, दोनदा. पांघरूण? तेही. संडास? आहे की. समोर टीव्हीसुद्धा.

"सोळा तास," ती म्हणाली. "मेल्या, त्याका लांब म्हणतत?"

मग तिने गेल्या गणपतीच्या बसची गोष्ट काढली. बोरीवली ते मालवण, पाचशे किलोमीटर, एकोणीस तास. माणगावच्या अलीकडे बस अशी अडकली की पुढच्या सीटवरच्या बाईने खाली उतरून, स्टोव्ह पेटवून भात शिजवला. वर लोणचंही वाढलं. दशरथचा सुजलेला पाय पिशव्यांवर. आणि सुगंधा, बासष्ट वर्षांची बाई, हायवेच्या कडेला दुसरीला साडी आडवी धरायला लावून बसलेली.

"तू साडेतेरा हजार सोळा तासांत येतंस. आम्ही पाचशे किलोमीटर एकोणीस तासांत. आता सांग, गावापासून लांब कोण रवता?"

सुयोग म्हणाला, आई, असं मोजत नाहीत गं.

तेव्हा पलंगावर बसलेल्या दशरथने तिच्या हातातून फोन घेतला.

"येऊ नकोस. पण लांब आहे म्हणू नकोस."

फोन बंद केला. पलंगाखालून पाट ओढला, भिंत धरून खाली बसला आणि घातली मांडी. आमच्याकडे बघेना, समोर बघत राहिला, जसा काही देव मांडलाय. उठवायला आम्ही दोघी लागलो. घामाने निथळत होता. म्हणाला, पाट आत ठेवू नका, उद्या परत बसायचंय.

दाढेची शपथ घेतलीय म्हणून सांगते, एक गोष्ट मी पदरची घातली. त्या बसला एकोणीस तास लागले नव्हते. तेवीस लागले होते. तेवीस सांगितले असते तर तुम्ही भातसुद्धा खोटा मानला असता.